ऑनलाइन वर्गाचे पान सर्वांना वाचता यावे

शिवणकाम, हिशेब किंवा संगणकाचे ऑनलाइन वर्ग चालविणारे अनेकजण पानाच्या सजावटीवर बराच पैसा खर्च करतात. पण फी किती, वर्ग कधी सुरू होणार आणि पहिला धडा कोठे आहे, हेच विद्यार्थ्याला सापडत नाही. मग तो दुसरीकडे प्रवेश घेतो.

ही माहिती पानाच्या अगदी वर, साध्या मराठीत द्यावी. त्याखाली धडे क्रमाने लावावेत. नुसते 'येथे क्लिक करा' न लिहिता 'धडा ३ : रोजमेळ लिहिणे' असे लिहावे.

अंध विद्यार्थी स्क्रीन रीडरच्या मदतीने पान ऐकतात. 'एनव्हीडीए' हा असा प्रोग्राम मोफत मिळतो. मात्र वेळापत्रकाचा नुसता फोटो टाकला, तर त्यातील मजकूर सहसा ऐकू येत नाही. युनिकोडपूर्वीच्या जुन्या फॉन्टमधील मराठीही निरर्थक अक्षरांसारखी वाचली जाते. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये टाइप करावा व चित्राला लेखी वर्णन जोडावे. कर्णबधिरांसाठी व्हिडिओला सबटायटल द्यावेत.

फिकट राखाडी अक्षरे टाळावीत. डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेच्या २०२३ च्या निकषांत, 'एए' पातळीसाठी, साधी अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकाचे प्रमाण किमान ४.५ ला १ ठेवले आहे.

शेवटी, पान साध्या मोबाइलवर उघडून घरातील एखाद्या मुलाला फी आणि पहिला धडा शोधायला सांगावे. तो अडखळला, तर चूक पानाची समजावी आणि ते सुधारावे.