आधी बिट दाखवा!

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीआधीची गोष्ट. भांड्यांची मांडणी लावायला एका माणसाला बोलावलं. त्यानं ओट्यामागच्या टाइलवर ड्रिल टेकवलं नि घर्रऽ सुरू केलं. मिनिटभरात टोक निळंकाळं पडलं, पण भोक पडेना. मग त्यानं हॅमरचं बटण लावलं आणि टाइलला वरपासून खालपर्यंत तडा! तशी टाइल आता बाजारात मिळत नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सुरीनं कधी नारळ फोडतात का?"

तेव्हापासून मी आधी बिट बघते. तुम्हीही बघा. साधं पोलादी बिट भिंतीत चालत नाही, कारण सिमेंटमधली वाळू पोलादाची धार बघताबघता खाऊन टाकते. म्हणून भिंतीच्या बिटाच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडची पाती बसवलेली असते. दांड्यापेक्षा किंचित रुंद, वेगळ्या रंगाची, म्हणून सहज ओळखू येते. विटेला, काँक्रीटला हेच; हॅमरही इथंच. पण कार्बाइड जितकं कठीण तितकंच ठिसूळ. आत सळई लागली की टवका उडतो, तेव्हा जोर न करता जागा बदलायला सांगा.

टाइलचं प्रकरण नाजूक. चकचकीत भिंतीच्या टाइलला भाल्याच्या टोकासारखं कार्बाइड बिट हवं, आणि हॅमर बंद म्हणजे बंद! जागेवर चिकटपट्टी लावली की टोक घसरत नाही. टाइलपार गेलं की मगच भिंतीचं बिट नि हॅमर. प्लगही टाइलमध्ये न अडकता आत भिंतीत जायला हवा. व्हिट्रिफाइड टाइल मात्र याला दाद देत नाही. तिला काठावर हिऱ्याची पूड बसवलेलं पोकळ बिट लागतं. ते ओल्या स्पंजनं गार ठेवायचं, पण पाणी ड्रिलच्या यंत्रावर जाऊ द्यायचं नाही.

लोखंडी पत्र्याला हायस्पीड स्टील. दांड्यावर एचएसएस लिहिलेलं असतं. स्टेनलेस स्टीलला कोबाल्टचं बिट, वेग कमी आणि तेलाचा थेंब. लाकडाला मधोमध अणकुचीदार टोक असलेलं बिट घ्या, भोक सरकत नाही.

आणि हो, स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली भोक नको, आत वायर असते. स्वतः ड्रिल धरणार असाल तर पदर खोचा, केस बांधा, डोळ्यांना चष्मा लावा.

आमच्या जुन्या बिस्किटांच्या डब्यात आता चार बिटं आहेत. मांडणीही लागली, तडा गेलेल्या टाइलवरच. सासूबाईंनी मोठं परातीचं घर नेमकं तिथं आणलंय.