एका मुलापुरता एक माणूस

सातबाऱ्यावर अज्ञान मुलाचं नाव लागलं, की त्यापुढे ‘अ.पा.क.’ अशी तीन अक्षरं येतात. अज्ञान पालन कर्ता. बाप गेला, पोर लहान आहे, तर तिच्या वाट्याच्या दहा गुंठ्यांकडे कोण बघणार, ते तिथे लिहून ठेवलेलं असतं. त्याच जमिनीवरून दावा उभा राहिला आणि पोर प्रतिवादी झाली, तर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३२ व्या आदेशाप्रमाणे न्यायालयाला तिच्यासाठी दाव्यापुरता पालक नेमावाच लागतो. इंग्रजी कायद्यातली ही कल्पना अमेरिकेतही जुनीच. पण मिळकतीच्या बाबतीत जे कायद्याला सहज सुचलं, ते मुलाच्या स्वतःच्या आयुष्याबाबत सुचायला फार उशीर लागला. आईबापांपासून मूल काढून घ्यायचं का, घेतलं तर ठेवायचं कुठे, परत कधी द्यायचं, हे ठरवणाऱ्या सुनावणीत सरकारची बाजू असे, आईबापांची बाजू असे. ज्याचं आयुष्य ठरत होतं, त्याच्या बाजूला बऱ्याचदा कुणीच नसे.

१९७६ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिएटल शहरात, किंग काउंटीच्या बालन्यायालयात डेव्हिड सौकप हे न्यायाधीश होते. छळ किंवा आबाळ झालेल्या मुलांची प्रकरणं त्यांच्यासमोर येत. एक प्रकरण तीन वर्षांच्या मुलीचं होतं. फाइलमध्ये समाजसेविकेचा अहवाल होता, वकिलांची म्हणणी होती. मात्र ती मुलगी कशी आहे, कुणाजवळ शांत झोपते, कुणाला पाहिल्यावर दचकते, हे सांगणारं त्या खोलीत कुणी नव्हतं. इतर खटल्यांचे निकाल देऊन निवांत घरी जाता येतं, मुलांच्या निकालानंतर मात्र मन थाऱ्यावर राहत नाही, कारण आपल्याला पुरेसं कळलंच नव्हतं ही बोच उरते, असं सौकप यांनी पुढे अनेकदा सांगितलं.

याआधी दहा वर्षांत कायदा दोन पावलं चालला होता. १९६७ मध्ये गॉल्ट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना वकिलाचा हक्क दिला. म्हणजे दगड मारणाऱ्या मुलाला वकील मिळाला, मार खाणाऱ्याला नाही. मग १९७४ च्या बालछळ प्रतिबंधक कायद्यानं राज्यांना अट घातली: केंद्राचा निधी हवा असेल, तर छळाच्या किंवा आबाळीच्या प्रत्येक न्यायालयीन प्रकरणात मुलासाठी पालक-प्रतिनिधी नेमा. अट कागदावर उतरली, पण इतकी माणसं आणायची कुठून? वकील नेमले जात, पण एकेकाच्या डोक्यावर शेकडो फायली असत. मुलाला भेटायला वेळ कुठला!

सौकप यांनी कोर्टातल्या आपल्या सहायक कार्मेन रे यांना सांगितलं, गावातल्या चार-पाच जणांना जेवणाच्या सुट्टीत बोलवा, डबा घेऊन या म्हणावं, बघू काही जमतं का. आले पन्नास जण. साध्या नागरिकांना शिकवून न्यायालयानं मुलांसाठी नेमायचं, ही योजना १ जानेवारी १९७७ ला सुरू झाली. पहिल्या वर्षी ११० स्वयंसेवकांनी ४९८ मुलांची प्रकरणं सांभाळली. १९८२ मध्ये राष्ट्रीय संघटना झाली, १९९० च्या कायद्यानं केंद्र सरकारचं पाठबळ मिळालं आणि आज जवळजवळ प्रत्येक राज्यात अशी केंद्रं आहेत. इंग्रजी आद्याक्षरांवरून या स्वयंसेवकांना ‘कासा’ म्हणतात.

काम कसं चालतं हे पाहिलं की त्यातलं शहाणपण कळतं. अर्जदाराची पार्श्वभूमी तपासतात, मुलाखत घेतात, सुमारे तीस तासांचं प्रशिक्षण देतात. मग न्यायाधीशांसमोर शपथ. कोर्टाचा आदेश हातात आला की शाळेत, दवाखान्यात, समाजकल्याण खात्यात त्या मुलाची कागदपत्रं बघण्याचा अधिकार मिळतो. एका स्वयंसेवकाकडे एकाच वेळी एक-दोन मुलं किंवा एका घरची भावंडं, त्याहून जास्त नाहीत. महिन्यातून निदान एकदा भेट. मुलाशी बोलायचं, त्याला सांभाळणाऱ्या घराशी बोलायचं, शिक्षिकेशी, डॉक्टरांशी, आईशी, बापाशी, आजीशी बोलायचं आणि सुनावणीआधी न्यायाधीशांना लेखी अहवाल द्यायचा. मुलाला स्वतःच्या घरी राहायला न्यायचं नाही, त्याच्या भानगडी चार जणांत सांगायच्या नाहीत.

समजा, एक नऊ वर्षांचा मुलगा आहे. वर्षभरात तिसऱ्या घरी आलाय, दुसऱ्या शाळेत. खात्यातली बाई बदलली, वकील बदलला. फाइलमध्ये लिहिलंय ‘वर्गात लक्ष नाही’. महिन्याला येऊन त्याच्याबरोबर पायरीवर बसणाऱ्या माणसाच्या लक्षात येतं, की पोरगा पुस्तक नाकाला लावून वाचतो. आधीच्या घरून निघताना चष्मा तिथेच राहिला, आणि नवा करून द्यायचं कुणाचं काम ते ठरलेलंच नाही. किंवा कळतं, की धाकट्या बहिणीला दुसऱ्याच गावी ठेवलंय आणि चार महिन्यांत तिची गाठ पडलेली नाही. असल्या गोष्टी कायद्याच्या प्रश्नात बसत नाहीत, पण मुलाचं जगणं त्यांनीच भरलेलं असतं. अहवालात आल्या, की न्यायाधीश आदेश देऊ शकतात: चष्मा करा, भावंडांची भेट ठरवा, पुढच्या तारखेला सांगा. त्यात घड्याळही चालूच असतं. १९९७ च्या कायद्याप्रमाणे शेवटच्या बावीस महिन्यांतले पंधरा महिने मूल सरकारी ताब्यात राहिलं, तर काही अपवाद सोडता आईबापांचं पालकत्व कायमचं संपवण्याची याचिका राज्याला दाखल करावी लागते. लहान मुलाचे पंधरा महिने लांब असतात. व्यसनातून बाहेर येणाऱ्या, घर शोधणाऱ्या आईचे मात्र भुर्रकन उडून जातात.

आणि इथेच या योजनेचा सगळ्यात अवघड सांधा आहे. कासा जे मांडतो ते मुलाचं हित. मुलाचं म्हणणं मांडणं हे वेगळं काम, ते वकिलाचं. ‘मला आईकडे जायचंय’ असं मूल म्हणतं आणि स्वयंसेवक लिहितो, ‘आईकडे पाठवू नये.’ दोघंही खरं बोलत असतील. पण हित ठरवणारे डोळे कुणाचे, हा प्रश्न मला टाळता येत नाही. सरकारी ताब्यात येणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलांच्या प्रकरणांत कारण म्हणून ‘आबाळ’ लिहिलेली असते, आणि आबाळ व गरिबी यांच्यामधली रेघ फार पुसट असते. स्वयंसेवक बहुसंख्येनं गोऱ्या, सुस्थितीतल्या स्त्रिया. मुलं मात्र लोकसंख्येच्या प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक कृष्णवर्णीय आणि आदिवासी घरांतली. आदिवासी मुलं घरांतून इतकी काढून नेली जात होती, की १९७८ मध्ये अमेरिकन संसदेला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. एमी मल्झर आणि तारा अर्स या दोन वकिलांनी २०१६ मध्ये लिहिलेल्या दीर्घ लेखात हाच मुद्दा रोखठोक मांडला: हेतू कितीही प्रेमळ असला, तरी एका थराचा माणूस दुसऱ्या थराचं घर मोजू लागला की माप चुकतं.

आकडेही निव्वळ कौतुकाचे नाहीत. २००४ च्या मूल्यमापनात दिसलं, की कासा असलेल्या मुलांना अधिक सेवा मिळतात, पण ती घराबाहेर ठेवली जाण्याचं प्रमाणही जास्त आहे. मुळात गुंतागुंतीची प्रकरणंच कासाकडे येतात, हे त्याचं एक कारण खरं. पण २०१९ च्या टेक्सासमधल्या अभ्यासात हा फरक जमेस धरूनही अशी मुलं आईबापांकडे परतण्याची शक्यता कमी दिसली. मला हे वाचून वाईट वाटलं, आणि तरीही ही योजना मोडीत काढावी असं वाटलं नाही. ज्या प्रशिक्षणात मुलाच्या खोलीइतकाच आईच्या स्वयंपाकघरात बसायला शिकवलं जाईल, ज्या अहवालात मुलाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत वेगळं लिहिलं जाईल, तिथे हे माप सुधारू शकतं.

आपल्याकडे २०१५ च्या बालन्याय कायद्याखाली जिल्ह्याजिल्ह्यांत बालकल्याण समित्या आहेत, अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या. समितीपुढे मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल येतो. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात २०२० च्या पोक्सो नियमांनुसार मुलाला ‘सपोर्ट पर्सन’ देता येतो. पण आईबाप व्यसनी आहेत, घर मोडलंय, मूल बालगृहात आहे, अशा पोरासाठी दर महिन्याला येणारं, त्या एकाच मुलापुरतं नेमलेलं माणूस आपल्या रचनेत नाही. दहा गुंठ्यांचा अ.पा.क. आहे.

जिथे ही कल्पना जन्मली, त्या वॉशिंग्टन राज्यानं २०२१ मध्ये नवा कायदा केला. आठ वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या मुलांना, टप्प्याटप्प्यानं सगळ्या काउंट्यांत, प्रकरण दाखल होतानाच स्वतःचा वकील मिळायचा आहे, त्यांचं हित नव्हे तर म्हणणं मांडणारा. आठच्या आतल्या मुलांना तो मिळणार पालकत्व संपवण्याची याचिका दाखल झाल्यावर. १९७६ मधली ती तीन वर्षांची मुलगी आज त्या कोर्टात आली, तर तोवर तिच्यासाठी कुणीतरी जाऊन जमिनीवर तिच्या शेजारी बसायचं, ती कुणाच्या कुशीत झोपते ते बघायचं आणि न्यायाधीशांना लिहून कळवायचं, हेच काम उरतं.