भिरभिऱ्याचा चौकोन आणि दोन सुतांचा हिशेब

कारंजा (घाडगे) इथल्या आमच्या बचत गटातर्फे आज गोधडीबद्दल बोलायचं आहे. गोधडी आपल्याला नवी नाही. आईचं जुनं लुगडं, बाबांचं धोतर एकावर एक अंथरायचं आणि कडेपासून मध्याकडे धावदोरा घालत जायचं, हे आपण बघतच वाढलो. पण विकायची गोधडी शिवायला घेतली तेव्हा कळलं, की घरी चालतं ते सगळं विकाऊ मालात चालत नाही.

उन्हाळ्यात आम्ही नमुन्यांची गोधडी करायला घेतली. सहा ओळी, प्रत्येक ओळीत पाच चौकोन, प्रत्येक ओळीची नक्षी वेगळी. सहा जणींनी एकेक ओळ घरून शिवून आणली. सतरंजीवर मांडून बघितली, तर भिरभिऱ्याची ओळ सव्वा इंच आखूड! जिने शिवली तिचा चेहरा उतरला. पण चूक तिची एकटीची नव्हती. शिलाईत किती कापड धरायचं, हे आम्ही कुणी ठरवलंच नव्हतं.

म्हणून हा चौकोन नीट समजून घेऊ. जत्रेत मिळतं तसं कागदी भिरभिरं डोळ्यांपुढे आणा. बाहेर या नक्षीला पिनव्हील म्हणतात.

सुती कापड आधी धुऊन वाळवा. नवं कापड आटतं, आणि गडद रंग सुटला तर पांढऱ्यावर डाग पडतो. एका भिरभिऱ्यासाठी पाच इंचाचे चार तुकडे कापा, दोन फिके आणि दोन गडद. एक फिका, एक गडद अशी जोडी करून सुलट बाजू आत ठेवा. खडूने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ ओढा. रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिलाई मारा, मग रेघेवर कापा. एका जोडीतून दोन दुरंगी तुकडे निघतात, दोन जोड्यांतून चार.

शिवणीचं कापड गडद बाजूला वळवून इस्त्री दाबा, पण घासू नका. तिरपं कापड ओढलं की ताणतं. आता तुकडा मोजा. तो साडेचार इंचांपेक्षा थोडा मोठा भरेल. तिरपी शिवण मधोमध धरून चारही बाजूंनी बरोबर साडेचारवर छाटा. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढची सगळी भानगड इथेच वाचते.

चारही तुकडे मांडून बघा. सगळी गडद पाती एकाच दिशेला वळली पाहिजेत. एक जरी उलटं बसलं तरी भिरभिरं फिरत नाही. वरचे दोन जोडा, खालचे दोन जोडा. वरची शिवण एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला दाबा, म्हणजे मध्याला टोकं जुळतात आणि गाठ जाड होत नाही. चौकोन साडेआठ इंचांचा भरला पाहिजे. गोधडीत जोडल्यावर तो आठ इंच दिसेल.

आता तो सव्वा इंच. इंचाचे आठ भाग, एका भागाला सूत म्हणतात. पाव इंच म्हणजे दोन सूत. मधल्या शिवणीला दोनऐवजी तीन सूत धरलं, तर दोन्ही तुकड्यांचं एकेक सूत जातं. चौकोन दोन सूत आखूड, पाच चौकोनांत दहा सूत, म्हणजे सव्वा इंच.

आम्ही उपाय साधा केला. प्रत्येकीच्या मशीनवर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टी लावली. पहिला चौकोन सगळ्यांनी एकत्र बसून मोजायचा, मगच बाकीचे शिवायचे. आखूड ओळ उसवून पुन्हा शिवली. त्यात दोन दुपारी गेल्या.

त्या दुपारी वहीत लिहायच्या की नाही, यावर गटात वाद झाला. काही जणी म्हणाल्या, घरीच तर होतो. पण आपणच आपल्या वेळेची किंमत शून्य धरली, तर गिऱ्हाईक का जास्त देईल? म्हणून आता कापड, दोरा, वीज यांच्यासोबत तासही लिहितो. उसवण्याचे तास वेगळे लिहितो. ते गिऱ्हाइकाकडून मागायचे नाहीत, पुढच्या वेळी कमी करायचे.

पुढच्या बैठकीला येताना टेप, खडू आणि पाच इंचाचे चार तुकडे आणा. बाकी मिळून करू.