शिळ्या पाण्यावर जगणारा बॉयलर

शिळं पाणी ओतून द्यायचं आणि ताजं भरायचं, हे आपल्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. पिण्याच्या पाण्याचा हंडा रोज घासून निघतो, रात्रीचं उरलेलं तुळशीला जातं. अशा घरात वाढलेला मराठी माणूस न्यू जर्सीत किंवा बॉस्टनच्या आसपास शंभर वर्षांचं घर विकत घेतो, तळघरात उतरतो, आणि तिथे त्याला एक बिडाचं धूड भेटतं. त्याचं सगळं उलटं. हा वाफेचा बॉयलर शिळ्या पाण्यावर जगतो. तेच पाणी उकळायचं, त्याची वाफ वर जायची, निवून तेच पाणी खाली यायचं, हिवाळ्यामागून हिवाळे. ताजं पाणी त्याला बाधतं.

आपला तांब्याचा बंब डोळ्यांपुढे आणला तर निम्मी ओळख पटते. खाली जाळ, भोवती पाणी, वर धुराडं. पण बंबातलं पाणी अंघोळीला जातं, इथलं पाणी नुसतं हमाल आहे. एक किलो पाणी उकळीला आणायला साधारण 400 किलोज्यूल लागतात. उकळलेल्या पाण्याची वाफ करायला आणखी 2,257. हे मोठं ओझं वाफ मजले चढून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरपर्यंत नेते, तिथे उतरवते आणि पाणी होऊन उतारानं परत येते. पंप नाही, मोटर नाही. दाबही किरकोळ. कुकरची शिट्टी होते ती चौरस इंचाला सुमारे 15 पौंडांवर, घरातला बॉयलर नीट चालतो तो दीड-दोन पौंडांत. बऱ्याच घरांत वर जाणारी वाफ आणि खाली येणारं पाणी एकाच नळीतून ये-जा करतात. नळीचा उतार बिघडला, कुठे पाणी तुंबलं, की वाफ त्या पाण्याला पुढे ढकलून आपटते. मध्यरात्री भिंतीत कुणी घण घालतंय असं वाटतं ते यामुळे.

या पद्धतीला अमेरिकेत दीडशेहून अधिक वर्षं झाली. स्टीफन गोल्ड यांनी घर वाफेनं तापवण्याचं पेटंट 1854 साली घेतलं. 1877 मध्ये बर्डसिल हॉली यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्ट गावात एका बॉयलरची वाफ रस्त्याखालून घरोघर पोचवली. पुढे 1918च्या इन्फ्लुएंझानंतर खिडक्या उघड्या ठेवून निजा, असं डॉक्टर सांगू लागले, आणि भर थंडीत खिडकी उघडी असतानाही खोली ऊबदार राहावी या हिशेबानं बॉयलर-रेडिएटर बसवले गेले. आज त्या घरांच्या खिडक्या घट्ट बंद आणि माणसं घामाघूम, याचं मूळ तिथे आहे.

वाफेची दहशतही तेव्हा खरीच होती. 27 एप्रिल 1865 रोजी मिसिसिपी नदीत 'सुल्ताना' या आगबोटीचे बॉयलर फुटले आणि युद्धकैदेतून सुटून घरी निघालेल्या सैनिकांसह अकराशेहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड शहरात बॉयलरची तपासणी करून विमा उतरवणारी कंपनी निघाली. तिचं नाव आजही तळघरातल्या एका वळणाला चिकटलेलं आहे: हार्टफर्ड लूप. परत येणाऱ्या पाण्याची नळी सरळ बॉयलरच्या तळाशी न जोडता आधी पाण्याच्या पातळीच्या जरा खालपर्यंत वर आणायची आणि मग आत सोडायची, एवढंच. नळी कुजून फुटलीच, तर त्या उंचीपर्यंतचं पाणी वाहून जाईल, बॉयलर कोरडा पडणार नाही. म्हणजे नळी कधीतरी कुजणार हे त्या मंडळींनी गृहीतच धरलं होतं. मला हा शहाणपणा फार आवडतो.

कुजणं मात्र नळीपाशी थांबत नाही. लोखंड गंजायला पाण्याबरोबर ऑक्सिजन लागतो, आणि नळाचं थंड पाणी तो घेऊनच येतं. हिवाळ्यातल्या एक लिटर पाण्यात सुमारे 12 मिलिग्रॅम. पाणी उकळलं की तो निघून जातो. मग आतल्या लोखंडावर मॅग्नेटाइटचा काळा, पातळ थर धरतो आणि तोच पुढच्या गंजाला अडवतो. शिळं पाणी हवं ते यासाठी. बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीत थोडं काळसर पाणी दिसलं तर घाबरायचं नाही. विटकरी दिसू लागलं तर मात्र कुठेतरी गळती आहे आणि तिच्या जागी ताजं पाणी येतंय, असं समजायचं.

हिशेब मांडून पाहू. रेडिएटरचा हवा सोडणारा एखादा व्हॉल्व्ह बिघडला आहे आणि रोज 4 लिटर पाणी वाफ होऊन खोलीत जातंय. कुणाला कळणारही नाही, उलट कोरड्या हिवाळ्यात बरंच वाटेल. या 4 लिटरांबरोबर 48 मिलिग्रॅम ऑक्सिजन आला आणि सगळा लोखंडाला लागला असं धरलं, तर रोज साधारण 110 मिलिग्रॅम लोखंड खर्ची पडतं. 200 दिवसांच्या हंगामात 22 ग्रॅम. शेकडो किलोंच्या धुडापुढे हे काहीच नाही. पण गंज सगळीकडून सारखा खात नाही. पाण्याच्या रेषेपाशी आणि तिच्या लगेच वर, जिथे उकळत्या पाण्यातून वायू सुटतात, तिथे तो बसकण मारतो. भिंत अर्धा सेंटिमीटर जाड धरली, तर 22 ग्रॅम बीड म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याएवढं भोक.

वाफ जाते ती शुद्ध, क्षार मागे राहतात. 200 दिवसांत 800 लिटर नवं पाणी आत आलं आणि बॉयलरच्या पोटात मावतं जेमतेम 50 लिटर. म्हणजे मीठ सोळा पटींनी दाटलं. त्यातली क्लोराइडं तो काळा थर फोडतात. त्या मुलखात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते विहिरी-तलावांत झिरपतं, त्यामुळे काही गावांच्या नळाला येणारं पाणीच मुळात खारटलेलं असतं.

बीड हे काही निव्वळ लोखंड नव्हे. त्यात कार्बन असतो, आणि त्याचे ग्रॅफाइटचे पापुद्रे आत पसरलेले असतात. भोवतीचं लोखंड गेलं तरी पापुद्रे जागच्या जागी उभे राहतात. बाहेरून भिंत धडधाकट दिसते, चाकू लावला तर पेन्सिलीच्या शिशासारखी सोलते.

माझ्या मते या रोगातला खरा गुन्हेगार गंज नाही, तर पाणी आपोआप भरणारं यंत्र आहे. ते बसवतात पाणी कमी पडून बॉयलर तापून फुटू नये म्हणून, आणि ते काम ते चोख करतं. पण गळती लपवणारंही तेच. हातानं पाणी भरणाऱ्याला लगेच कळतं की पूर्वी महिन्यातून एकदा नळ सोडावा लागायचा, आता चौथ्या दिवशी लागतो. यंत्र तक्रार करत नाही, गुपचूप भरत राहतं. तळघराच्या काँक्रीटखाली पुरलेली परतीची नळी कुजली तर पाणी मातीत जिरतं, वर ओल म्हणून दिसत नाही. मग पंचवीस-तीस वर्षं टिकायचा बॉयलर आठ-दहा वर्षांत जातो, मालक कंपनीला शिव्या देतो, त्याच कुजक्या नळीला नवा बॉयलर जोडतो आणि घड्याळ पुन्हा सुरू. किती पाणी भरलं याचा आकडा दाखवणारी यंत्रं मिळतात. त्यांना चार पैसे जास्त पडले तरी हरकत नाही.

कोळशाच्या काळातले, ॲस्बेस्टॉसच्या पांढऱ्या लेपामुळे हिममानवासारखे दिसणारे जुने बॉयलर सत्तर-ऐंशी वर्षं चालले, हेही खरं. त्यांच्या भिंती जाड होत्या आणि पोटात पाणी भरपूर. नव्यांची भिंत पातळ, पाणी थोडं, म्हणून चुकीला जागाही थोडी. ही विद्या जाणणारी पिढी सरत गेली तेव्हा डॅन होलोहान यांनी 1992 मध्ये 'द लॉस्ट आर्ट ऑफ स्टीम हीटिंग' हे पुस्तक काढलं. नावातच तक्रार आहे.

तपासायची रीत मात्र कुणालाही जमेल. कडक थंडीत बाहेर उभं राहून धुराड्याकडे पाहायचं. शेजारच्या धुराड्यांपेक्षा आपल्याकडून दाट पांढरा लोट निघत असेल, तर पातळीच्या वर भोक पडलंय आणि वाफ जाळावर जातेय, अशी शंका घ्यावी. अशा भोकातून पाणी ठिबकत नाही, कारण पाणी तिथवर पोचतच नाही. म्हणून ते पोचवायचं. बॉयलर बंद करून पूर्ण निवू द्यायचा, कारण तापल्या बिडावर थंड पाणी पडलं तर ते तडकतं. मग पाणी काचनळीच्या वर, वाफेच्या नळ्या जिथून निघतात तिथपर्यंत चढवायचं, बॅटरी घेऊन बर्नरपाशी उकिडवं बसायचं आणि वाट पाहायची. कधी तासभर काही होत नाही. कधी पाचच मिनिटांत बर्नरच्या पत्र्यावर टप्प असा आवाज येतो.