टीबीच्या रुग्णाचे 2 किलो

बदलापूरच्या मांजर्लीत 160 सेंटिमीटर उंचीचा, 40 किलो वजनाचा टीबीचा रुग्ण आहे असे धरू. त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, 15.6 येतो. 18.5 च्या खाली कुपोषण आणि 16 च्या खाली तीव्र कुपोषण. याच उंचीला 18.5 गाठायचा, तर वजन किमान 47.4 किलो हवे.

एवढी मजल लगेच मारता येत नाही, पण पहिले 2 किलोही मोलाचे असतात. झारखंडमध्ये 2,800 टीबी रुग्णांवर झालेल्या ‘रेशन्स’ अभ्यासाचे निष्कर्ष 2023 मध्ये ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकांत आले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन 5 टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी दिसला. 40 किलोच्या रुग्णासाठी 5 टक्के म्हणजे 2 किलो.

औषधांसोबत अभ्यासातल्या रुग्णांना रोज सुमारे 1,200 कॅलरी आणि 52 ग्रॅम प्रथिने पुरतील असा शिधा मिळत होता: तांदूळ, कडधान्य, दूध पावडर, तेल. ज्या घरांत रुग्णाबरोबर कुटुंबीयांनाही शिधा दिला, तिथे कुटुंबीयांत टीबीचे नवे रुग्ण 39 टक्क्यांनी घटले.

आता खर्च पाहू. केंद्राच्या निक्षय पोषण योजनेत टीबीच्या रुग्णाला आहारासाठी एप्रिल 2018 पासून महिन्याला 500 रुपये मिळत. नोव्हेंबर 2024 पासून 1,000 मिळतात. म्हणजे दिवसाला 33 रुपये. दोन अंडी, 50 ग्रॅम शेंगदाणे आणि अर्धा लिटर गायीचे दूध यांतून सुमारे 40 ग्रॅम प्रथिने आणि 750 कॅलरी मिळतात. मात्र 33 रुपये अर्ध्या लिटर दुधातच जवळपास संपतात.

शिवाय 2024 मध्ये केंद्राने, निदानाच्या वेळी बीएमआय 18.5 पेक्षा कमी असलेल्यांना पहिले दोन महिने जास्त ऊर्जेचा पूरक आहार देण्याचे जाहीर केले. देशभरात असे सुमारे 12 लाख रुग्ण धरले आहेत. अतिशय खंगलेल्या रुग्णाला मात्र एकदम भरपेट खाऊ घालू नये. रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरून जिवावर बेतू शकते. अशांचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवावा लागतो.

घरात टीबीचा रुग्ण असेल, तर पहिल्याच भेटीत वजन आणि उंची नोंदवून घ्या, बीएमआय विचारा. तो 18.5 च्या खाली असेल तर पूरक आहाराची मागणी करा. दोन महिन्यांनी वजन वाढले नसेल, तर गोळ्या नियमित चालू आहेत एवढ्यावर समाधान मानू नका. डॉक्टरांना कारण विचारा.