महानगरातील छोटे रॉक क्लब आणि प्रत्यक्ष संगीतश्रवण : न्यूयॉर्कच्या ‘सीबीजीबी’च्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
रॉक संगीताचा इतिहास बहुधा ध्वनिमुद्रिका आणि मैदानांवरील भव्य कार्यक्रम यांच्या आधारे सांगितला जातो. तथापि अनेक बँड प्रथम घडले ते शहरातील लहानशा क्लबमध्ये, मोजक्या श्रोत्यांसमोर. प्रस्तुत लेखात न्यूयॉर्कमधील ‘सीबीजीबी’ (१९७३-२००६) या क्लबच्या आधारे अशा जागांचे कार्य आणि त्यांच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

स्थापना व पार्श्वभूमी :
हिली क्रिस्टल यांनी डिसेंबर १९७३ मध्ये मॅनहॅटनच्या बावरी रस्त्यावर हा क्लब सुरू केला. कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज हे संगीतप्रकार तेथे सादर व्हावेत, असा मूळ हेतू होता; क्लबचे नावही त्यांच्याच आद्याक्षरांवरून पडले. प्रत्यक्षात मात्र वेगळेच घडले. ऑगस्ट १९७३ मध्ये ‘मर्सर आर्ट्स सेंटर’ ज्या इमारतीत होते ती कोसळली आणि नवोदित रॉक बँडचे एक महत्त्वाचे व्यासपीठ नाहीसे झाले. बावरी हा त्या काळी बेघर व व्यसनाधीन लोकांचा परिसर मानला जाई. अशा उपेक्षित वस्तीतच नव्या बँडना जागा मिळाली. १९७४ मध्ये ‘टेलिव्हिजन’ व ‘रामोन्स’ हे बँड येथे वाजवू लागले.

क्लबची कार्यपद्धती :
बँडने स्वतः रचलेली गाणी सादर करावीत, हा क्लबचा प्रमुख नियम होता. लोकप्रिय गाण्यांच्या नकलेस वाव नसल्याने श्रोता अपरिचित संगीत ऐकण्याच्या तयारीनेच येई. प्रारंभी प्रवेशशुल्काचे उत्पन्न बँडला व मद्यविक्रीचे क्लबला, अशी विभागणी होती. सभागृह अरुंद, लांबट व काही शे लोक मावतील एवढेच होते. श्रोते व मंच यांत फारसे अंतर नसल्याने गाणे रुचले की नाही, हे कलावंतास तत्क्षणी कळे. तोच बँड पुनःपुन्हा ऐकण्यास मिळत असल्याने त्याची प्रगतीही श्रोत्यांस जोखता येई. १९७५ च्या प्रारंभी पॅटी स्मिथ व ‘टेलिव्हिजन’ यांनी येथे अनेक आठवडे कार्यक्रम केले. त्याच वर्षी पॅटी स्मिथ यांचा, १९७६ मध्ये ‘रामोन्स’चा, तर १९७७ मध्ये ‘टेलिव्हिजन’ व ‘टॉकिंग हेड्स’ यांचा पहिला अल्बम प्रसिद्ध झाला.

ऱ्हासाची कारणे :
क्लबची जागा भाड्याची होती. परिसराचे रूप पालटले, जागांचे मूल्य वाढले आणि भाड्यावरून वाद निर्माण झाला. विशेष म्हणजे जागा भाड्याने देणारी संस्था बेघरांसाठी कार्य करणारी होती. त्यामुळे या संघर्षाकडे केवळ कला विरुद्ध नफा अशा दृष्टीने पाहता येत नाही. ऑगस्ट २००५ मध्ये भाडेपट्ट्याची मुदत संपली. १५ ऑक्टोबर २००६ रोजी पॅटी स्मिथ यांच्या कार्यक्रमाने क्लब बंद झाला. २००८ मध्ये त्या जागी उंची वस्त्रांचे दालन सुरू झाले.

समारोप :
२०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाने एका प्रदर्शनात या क्लबच्या स्वच्छतागृहाची प्रतिकृती मांडली. संग्रहालयात वास्तूची आठवण जतन होते. परंतु अनोळखी बँडला आपली गाणी दर आठवड्यास श्रोत्यांसमोर पारखून घेता येतील, अशी सोय तेथे होत नाही. ती सोय टिकवावयाची असेल, तर शहराच्या सांस्कृतिक धोरणात परवडणाऱ्या भाड्याच्या लहान जागांचा विचार होणे आवश्यक ठरते.