पाऊण तासाचे उड्डाण, दिवसभराचा हिशेब

जवळचा प्रवास स्वस्त आणि लांबचा महाग, असा आपला सर्वसाधारण समज असतो. एस.टी. आणि रेल्वेच्या बाबतीत तो बरोबरही आहे. विमानाच्या धंद्यात मात्र हा समज अर्धाच खरा ठरतो. दर आसनामागे दर किलोमीटरचा खर्च काढला, तर जवळची फेरीच कंपनीला जास्त महाग पडते. त्यातही ती फेरी एका देशातून दुसऱ्या देशात जाणारी असेल, तर खर्चाच्या आणखी दोन-चार बाबी वाढतात. असे असूनही जगातील अत्यंत गजबजलेल्या आंतरराष्ट्रीय हवाई मार्गांपैकी एक मार्ग अवघ्या २९७ किलोमीटरचा आहे. सिंगापूर ते क्वालालंपूर हा तो मार्ग. मुंबईहून रत्नागिरीला रस्त्याने जाताना याहून जास्त अंतर कापावे लागते!

विमान वाहतुकीची आकडेवारी ठेवणाऱ्या ओएजी या संस्थेने फेब्रुवारी २०१८ अखेरच्या बारा महिन्यांत या मार्गावर ३०,५३७ फेऱ्या मोजल्या. म्हणजे दररोज सरासरी ८४ फेऱ्या झाल्या. २०२३ साली आसनसंख्येच्या हिशेबानेही हा मार्ग आंतरराष्ट्रीय मार्गांत पहिला होता. विमानांचा आम्हाला फार जुना शौक आहे आणि व्यापाराच्या हिशेबाचीही तितकीच आवड आहे. या दोन्हींसाठी या मार्गाइतकी चांगली शाळा नाही, म्हणून सिंगापूरहून स्वस्त वर्गाचे तिकीट काढून आम्ही हा प्रवास केला. त्यात जे पाहिले आणि त्यामागचा जो हिशेब आहे, तो वाचकांसमोर ठेवत आहोत.

खिडकीजवळची जागा

सिंगापूरचे चांगी विमानतळ १९८१ साली सुरू झाले. आमचे विमान एअरबस ए-३२० जातीचे होते. मध्ये एक वाट आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन आसने, अशा तीस ओळींत १८० माणसे बसतात. दोन ओळींतील अंतर बेताचे असल्याने उंच माणसाला गुडघे आखडून बसावे लागते. समोर पडदा नाही, फुकट जेवण नाही. हातातील सामान सात किलोपर्यंत नेता येते, त्यावरच्या सामानाचे पैसे वेगळे. पाऊण तासासाठी याची फारशी तक्रार कोणी करत नाही. आम्ही डाव्या बाजूची खिडकी मागून घेतली होती, कारण वायव्येकडे जाताना मलाक्काची सामुद्रधुनी डाव्या हाताला राहते.

विमानाचा शौक असणाऱ्याने अशा फेरीत एक गोष्ट जरूर पाहावी. जवळचा पल्ला असल्याने इंधन थोडेच भरलेले असते आणि त्यामुळे विमान हलके असते. अशा वेळी वैमानिक बहुधा इंजिनाची पूर्ण ताकद लावत नाहीत. धावपट्टी लांब आहे आणि वजन कमी आहे, तर इंजिनाला विनाकारण ताण कशाला, असा तो विचार असतो. त्याने इंजिनाचे आयुष्य वाढते आणि दुरुस्तीचा खर्च वाचतो. साधारण अर्ध्या मिनिटाच्या धावेनंतर नाक वर झाले आणि थोड्याच वेळात सिंगापूरच्या नांगरलेल्या जहाजांची रांग खाली दिसू लागली. त्यानंतर जोहोर राज्याची हिरवी जमीन आली. ते जंगल वाटते, पण त्यात सरळ रेषा दिसू लागल्या की उमगते की हे पाम तेलाचे मळे आहेत. आपल्याकडे वनस्पती तुपात आणि साबणात जाणारे तेल मोठ्या प्रमाणावर याच प्रदेशातून येते.

लांबच्या प्रवासात विमान ३५ ते ४० हजार फुटांवर जाते, कारण तेथील विरळ हवेत इंधन कमी लागते. या फेरीत मात्र ते वीस-पंचवीस हजार फुटांच्या आसपासच राहते. त्याचे कारण सोपे आहे. वैमानिकांचा ढोबळ हिशेब असा की, दर हजार फूट उतरण्यासाठी सुमारे तीन सागरी मैल लागतात. २४ हजार फुटांवरून उतरायला ७२ सागरी मैल, म्हणजे सुमारे १३३ किलोमीटर हवेत. चढण्यासाठीही जवळजवळ तेवढेच अंतर जाते. २९७ किलोमीटरमधून हे दोन्ही वजा केले, तर सपाट उड्डाणाला उरतात जेमतेम काही मिनिटे!

एवढ्या वेळात कर्मचाऱ्यांना खाण्याची गाडी वाटेतून फिरवायची, विक्री करायची, पैसे घ्यायचे आणि कचरा गोळा करायचा असतो. आमच्या शेजारच्या प्रवाशाने चहा मागितला, तो त्याच्या हाती आला आणि लगेच पट्टे बांधण्याची सूचनाही झाली. थोड्या वेळाने पंखांवरच्या झडपा उघडल्या, चाके खाली आल्याचा आवाज झाला आणि सेपांगच्या पाममळ्यांमधून धावपट्टी समोर आली. चाके टेकताच पंखांवरचे पत्रे ताडकन उभे राहिले. ते पंखांची उचल घालवून विमानाचा भार चाकांवर आणतात, म्हणजे ब्रेक नीट लागतात. हवेतला एकूण वेळ झाला पाऊण तासाहून थोडा कमी. वेळापत्रकात मात्र या फेरीला सव्वा तासाच्या आसपास वेळ दिलेला असतो. उरलेला वेळ जमिनीवर रांगत जाण्यात जातो.

माल फिरला तरच नफा

आता या प्रवासाकडे दुकानदाराच्या नजरेने पाहू. इंधनाचा मोठा वाटा वर चढताना जातो. मुंबई-लंडन फेरीत एकदा चढावे लागते आणि मग कित्येक तास त्याचा लाभ मिळतो. येथे दर पाऊण तासाला नव्याने चढायचे आहे. चाके, ब्रेक आणि इंजिन यांची झीज तासांबरोबरच उड्डाणांच्या संख्येवरही मोजली जाते. दिवसात आठ-नऊ वेळा उडणारे विमान दुरुस्तीचा खर्च भराभर ओढवून घेते.

मग नफा कोठून येतो? किराणा दुकानदाराला जे ठाऊक आहे तेच येथे लागू पडते. टक्का लहान असेल तर माल जास्त वेळा फिरला पाहिजे. विमान हे कोट्यवधी रुपयांचे भांडवल आहे आणि जमिनीवर उभे असताना ते एक पैसाही मिळवत नाही. स्वस्त कंपन्या प्रवासी उतरवून नवे प्रवासी भरून पुन्हा निघण्यासाठी २५ मिनिटांचे लक्ष्य ठेवतात. याचा फरक आम्ही कागदावर मांडून पाहिला. फेरीला ७५ मिनिटे आणि थांबा २५ मिनिटे धरला, तर सोळा तासांच्या दिवसात नऊ फेऱ्या होतात. थांबा एक तासाचा झाला तर सातच फेऱ्या होतात. दोन फेऱ्या म्हणजे ३६० आसने, आणि तीही त्याच विमानात, त्याच दिवशी. म्हणूनच हवाई सुंदरी प्रवासी उतरताच स्वतः आसनांमधला कचरा वेचतात आणि म्हणूनच दाराशी रेंगाळणाऱ्या प्रवाशाला घाई केली जाते.

दुसरी बाब विमानतळाच्या आकारणीची. चांगीहून निघणाऱ्या प्रवाशावर एप्रिल २०२४ पासून निरनिराळे आकार मिळून ६५.२० सिंगापूर डॉलर बसू लागले. रुपयांत ही रक्कम चार हजारांहून अधिक होते. स्वस्त वर्गातून लंडनला जाणारा आणि क्वालालंपूरला जाणारा, दोघांनाही ती सारखीच. तेरा तासांच्या तिकिटात ती सहज मुरते. पाऊण तासाच्या तिकिटात मात्र कधी कधी मूळ भाड्यापेक्षा हा आकारच जड होतो. कंपनीने भाडे कितीही उतरवले तरी हा भाग तिच्या हातात नसतो. सामान, जागेची निवड आणि खाणे यांचे वेगळे पैसे का घेतले जातात, याचे उत्तर येथे मिळते.

एका घराची दोन दुकाने

या मार्गाचा इतिहास व्यापाऱ्याने मुद्दाम वाचावा असा आहे. १ मे १९४७ रोजी मलायन एअरवेजने सिंगापूरहून क्वालालंपूर, इपोह आणि पेनांग अशी नियमित सेवा सुरू केली. त्या एअरस्पीड कॉन्सल विमानात पाचच प्रवासी बसत. १९६३ मध्ये मलेशिया संघराज्य झाले आणि ९ ऑगस्ट १९६५ रोजी सिंगापूर त्यातून वेगळे झाले. कालपर्यंत देशांतर्गत असलेला मार्ग त्या दिवशी आंतरराष्ट्रीय ठरला. कंपनी मात्र काही वर्षे सामाईकच राहिली. शेवटी १९७२ मध्ये वाटणी झाली आणि एका घरातून सिंगापूर एअरलाइन्स व मलेशियन एअरलाइन सिस्टीम अशी दोन दुकाने निघाली.

दोन देशांमध्ये कोणत्या कंपनीने किती फेऱ्या कराव्यात, हे दोन्ही सरकारांच्या करारावरून ठरते. येथे तीन दशकांहून अधिक काळ हा मार्ग मुख्यतः या दोन कंपन्यांच्याच ताब्यात राहिला. गिऱ्हाईक भरपूर आणि दुकाने दोनच, तेव्हा भाव उतरण्याचे कारणच नव्हते. सर्वसामान्य माणूस पाच-सहा तास बसने जाई आणि विमान साहेब लोकांसाठी राही.

दरम्यान २००१ मध्ये टोनी फर्नांडिस यांनी एअरएशिया ही कर्जात बुडालेली मलेशियन कंपनी एका रिंगिटला विकत घेतली. विमाने दोन आणि डोक्यावर सुमारे चार कोटी रिंगिटचे कर्ज! फर्नांडिस यांचे वडील मूळचे गोव्याचे, हे आपल्याकडच्या वाचकांना जाणून आनंद वाटेल. त्यांनी स्वस्त तिकिटाचा धंदा वाढवला, पण घराजवळच्या या सर्वांत चांगल्या मार्गाचे दार बंदच होते. १ फेब्रुवारी २००८ पासून स्वस्त कंपन्यांना मोजक्या फेऱ्यांची परवानगी मिळाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मर्यादा उठल्या. भाडी झपाट्याने उतरली. बसने जाणारा माणूस विमानात बसला आणि फेऱ्या वाढत गेल्या.

सगळेच टिकले नाहीत

स्पर्धेने गिऱ्हाइकाचे भले झाले, पण दुकानदारांपैकी सगळे तगले नाहीत. २००८ मध्ये या मार्गावर उतरलेली सिंगापूरची टायगर एअरवेज २०१७ मध्ये स्कूट या नावात विलीन झाली. २००४ मध्ये सुरू झालेली जेटस्टार एशिया ३१ जुलै २०२५ रोजी कायमची बंद पडली. तिची १३ विमाने ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडकडे वळवण्याचे ठरले आणि पाचशेहून अधिक नोकऱ्या गेल्या. पुरवठादारांचे वाढलेले दर, विमानतळाचे चढे आकार आणि तीव्र स्पर्धा ही कारणे मालक कंपनीने दिली. विमाने भरत नव्हती असे त्यात कोठेही नव्हते. गल्ला भरलेला दिसत असूनही दुकान तोट्यात असू शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

या मार्गाला रेल्वेची भीतीही होती. दोन शहरांना नव्वद मिनिटांत जोडणाऱ्या जलद रेल्वेचा करार २०१६ मध्ये झाला, परंतु २०२० अखेर तो संपुष्टात आला आणि मलेशियाने सिंगापूरला १० कोटी २८ लाख सिंगापूर डॉलर भरपाई दिली. त्यामुळे निदान आजतरी विमानाला खरी टक्कर बसचीच आहे. आणि ती किरकोळ नाही. विमानतळावर दोन तास आधी पोहोचणे, उतरल्यावर तपासणी, मग सेपांगहून शहरात जाणारी अर्ध्या तासाची रेल्वे, असे सर्व जमेस धरले तर पाऊण तासाचे उड्डाण दारापासून दारापर्यंत चार-पाच तासांचे होते.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द

व्यापारानिमित्त जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दोन्ही शहरांत घड्याळ एकच आहे आणि ते आपल्या अडीच तास पुढे आहे. भारतीयांना मलेशियात व्हिसाशिवाय ३० दिवस राहण्याची सवलत डिसेंबर २०२३ पासून मिळू लागली. ती मुदतीची असल्याने तिकीट काढण्यापूर्वी खात्री करावी. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत प्रवेशाचा अर्ज संगणकावर भरावा लागतो. सिंगापूरला मात्र व्हिसा लागतो. क्वालालंपूरहून परत सिंगापूरला यायचे असेल, तर आपला व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे आधी पाहावे. सामानाचे पैसे तिकिटाबरोबरच भरावेत, विमानतळावर ते अधिक पडतात.

शेवटी, आखातात रोजगारासाठी जाणाऱ्या आमच्या बांधवांनाही या मार्गाची कहाणी परकी वाटू नये. भारत आणि दुबई यांच्यात दर आठवड्याला किती आसने चालवायची, हेही दोन्ही सरकारांच्या कराराने ठरलेले असते. सणासुदीला आणि शाळांच्या सुट्टीत भाडी भडकली की आपण कंपनीला आणि एजंटाला बोल लावतो. आसने ठरावीक आणि जाणारे अनेक, तर भाव चढणारच. सिंगापूर-क्वालालंपूरचा भाव खाली आला तो करार बदलला तेव्हा. तेव्हा तिकिटाच्या दराबद्दल निवेदने देणाऱ्या आपल्या संस्था व संघटनांनी कंपन्यांच्या दारी जाण्याबरोबरच या आसनसंख्येचा प्रश्नही सरकारदरबारी लावून धरावा.